भिंत लिंपणारे हात

सकाळी मोबाइल उघडला, की पहिल्याच मिनिटाला काय दिसतं? कुठे क्षेपणास्त्रं, कुठे मोडून पडलेल्या वस्त्या, कुठे गावात शिरलेलं पाणी. आणि त्याच वेळी घरात चर्चा चाललेली असते, की बाहेरच्या खोलीला रंग कोणता द्यायचा आणि गळका नळ कधी बदलायचा. मग मनात येतं, जगात एवढं चाललंय आणि आपण रंगाच्या छटांवरून वाद घालतोय, हे बरं दिसतं का?

हा प्रश्न तुम्हालाही पडत असेल, तर येत्या हिवाळ्यात मुलाबाळांना घेऊन कच्छला जाऊन या. पांढरं रण बघाच, पण त्याआधी तिथल्या भिंती बघा.

भुजहून उत्तरेकडे निघालात, की शहर मागे पडतं आणि बन्नीचा सपाट गवताळ प्रदेश सुरू होतो. म्हशींचे कळप दिसायला लागतात. वाटेत भिरंडियारा लागतं. तिथला मावा खाल्ल्याशिवाय मुलांना पुढे नेऊ नका. मग होडको, लुडिया आणि रणाच्या काठावरचं धोरडो. त्याच्या पलीकडे मीठच मीठ आणि त्याच्याही पलीकडे पाकिस्तान. आपण ज्या सीमेच्या बातम्या बसल्या जागी वाचतो, ती या लोकांच्या अंगणापासून फार लांब नाही.

या गावांमध्ये तुम्हाला गोल घरं दिसतील. त्यांना ‘भुंगा’ म्हणतात. जाड मातीच्या भिंती, लहान खिडक्या आणि वर गवताचं शंकूसारखं निमुळतं छप्पर. उन्हाळ्यात आत गारवा, थंडीत ऊब. 26 जानेवारी 2001 ला सकाळी 8 वाजून 46 मिनिटांनी कच्छची जमीन हादरली. 7.7 तीव्रतेच्या त्या भूकंपात भुज आणि भचाऊमधली दगड-काँक्रीटची घरं पत्त्यांसारखी कोसळली, हजारो माणसं गेली. नीट बांधलेले भुंगे मात्र बहुतेक उभे राहिले. कारण साधंच आहे. गोल भिंतीला कोपरे नसतात, त्यामुळे धक्का एका जागी न साठता सगळीकडे वाटला जातो. शिवाय छप्पर हलकं.

पण अशी भिंत एकदा बांधली आणि झालं, असं नसतं. ऊन-पावसाने माती झिजते, भेगा पडतात. त्यामुळे पावसाळा संपला, की किंवा घरात लग्नकार्य निघालं, की बायका माती आणि शेण कालवून बसतात. आपल्याकडे आजी अंगण सारवायची, चुलीला पोतेरं द्यायची, तसंच हे काम. त्याला तिथे ‘लिपणकाम’ म्हणतात. शब्दही आपल्या लिंपण्याचाच भाऊ. ओल्या मातीच्या वळ्या करून त्या बोटांनी भिंतीवर बसवायच्या, मधे आरशाचे लहान लहान तुकडे लावायचे. मोर, उंट, पाणी आणणाऱ्या बायका अशी चित्रं उमटतात. मुस्लिम घरांमध्ये माणसं किंवा प्राणी न काढता नुसती भौमितिक नक्षी असते. रात्री आत एखादा दिवा लावला, की आरसे तोच उजेड खोलीभर पसरवतात.

आता भुजला परत या आणि शहराला लागूनच असलेल्या माधापरला थांबा. डिसेंबर 1971 च्या युद्धात भुजच्या विमानतळावर बॉम्ब पडले, धावपट्टीला खड्डे पडले. विमानं उडायची तर ती तातडीने दुरुस्त व्हायला हवी होती आणि मजूर अपुरे होते. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक. माधापरच्या सुमारे 300 बायका मदतीला आल्या. भोंगा वाजला की झुडपांत लपायचं, थांबला की पुन्हा कामाला लागायचं. वरून दिसू नये म्हणून अंगावर हिरव्या साड्या. 72 तासांत धावपट्टी तयार झाली.

यातली एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगा. शत्रूच्या विमानांना धावपट्टी कळू नये म्हणून या बायकांनी ती शेणाने सारवली होती. जे काम त्या रोज घरी करत होत्या, तेच त्या दिवशी देशाच्या कामी आलं. वेगळं काही शिकायला त्यांना वेळच नव्हता. पुढे सरकारने 50 हजार रुपयांचं बक्षीस दिलं, तेव्हा ते पैसे वाटून न घेता गावासाठी सभागृह बांधायला दिले गेले. माधापरमध्ये या बायकांचं स्मारक आहे, तेही पाहा.

मे 2025 मध्ये सीमेवर पुन्हा तणाव वाढला, तेव्हा कच्छमध्ये रात्री दिवे मालवावे लागले. तणाव निवळला आणि दिवे पुन्हा लागले. भिंती लिंपायच्या त्या लिंपाव्याच लागतात. बातमी कितीही मोठी असली, तरी भेग आपोआप बुजत नाही.

म्हणून घराची डागडुजी करताना अपराधी वाटून घेऊ नका. जगाकडे डोळेझाक करावी, असं मी म्हणत नाही. बातम्या वाचा, जमेल तिथे मदत पाठवा. पण घर नीट ठेवणारा, नळ दुरुस्त करणारा, शेजाऱ्याच्या गळक्या छपरासाठी शिडी धरणारा हातच वेळ आली की मोठ्या कामाला पुढे होतो. रोज वापरात असलेल्या हाताला सवय असते.

जायचं असेल, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पांढऱ्या रणासाठी परवाना काढावा लागतो, ओळखपत्रं सोबत ठेवा. भुजमध्ये भुजियो डुंगरावरचं भूकंपाचं स्मृतिवनही चुकवू नका. गावात कुणाच्या घरात शिरण्याआधी, फोटो काढण्याआधी घरातल्या बाईला विचारा. ती हसून आत बोलावेल, चहाही देईल. फक्त भिंतीला लगेच हात लावू नका. कदाचित सकाळीच लिंपलेली असेल.