गाणाऱ्या मुलांपुढें उभा राहणारा

शाळेच्या समारंभांत मुलांचें गायन सुरू झालें कीं पाहुण्यांची दृष्टि मुलांच्या मुखांकडे जाते. त्यांच्यापुढें, आपणांकडे पाठ करून, हात हालवीत उभ्या असलेल्या माणसाकडे कोणी लक्ष देत नाहीं. टाळ्या पडल्या म्हणजे तो एक पाऊल बाजूस सरतो, मुलांकडे हात करितो आणि नाहींसा होतो. या माणसाविषयीं चार शब्द लिहावे असें आमच्या फार दिवस मनांत होतें.

आमच्या हातकणंगले तालुक्यास गायनाचें वावडें आहे असें कोणीहि म्हणणार नाहीं. याच तालुक्यांतील इचलकरंजीचें नांव बाळकृष्णबुवांनीं आपल्या नांवाबरोबर दूरदूर नेलें. शेजारच्या कुरुंदवाडास १८७२ सालीं विष्णु दिगंबर पलुसकर जन्मले. ते मिरजेस बाळकृष्णबुवांपाशीं शिकले, आणि पुढें १९०१ सालीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. गुरुगृहीं राहून, सेवा करून, एकट्यानें मिळवावयाची विद्या त्यांनीं वर्गांत आणिली. स्वरलिपि सिद्ध केली, पुस्तकें छापिलीं, आणि अनेक विद्यार्थ्यांस एकत्र बसवून शिकविलें. अशानें मोठे गवई निर्माण होतात कीं नाहीं, हा वाद जाणत्यांनीं करावा. आम्हांस त्यांत एवढें मोलाचें वाटतें कीं, ज्या मुलास गवई व्हावयाचें नाहीं त्याच्याहि गळ्याचा विचार करण्यास त्यामुळें जागा झाली.

इंग्लंडांत हाच विचार थोडा आधीं झाला होता. जॉन कर्वेन या पाळकास शब्बाथशाळेंतील गरीब मुलांस गाणें शिकवावयाचें होतें, परंतु पाश्चात्य स्वरलेखन त्यांना कळेना. नॉर्विच येथील सेरा ग्लोव्हर या बाईंची स्वरनामांची सोपी रीत त्यानें घेतली, वाढविली, आणि प्रत्येक स्वरास हाताची एकेक खूण लाविली. मूठ मिटली कीं षड्ज. पुढें हंगेरींत झोल्तान कोदाय यांच्या अनुयायांनीं त्याच खुणा आपल्या शाळांतून रूढ केल्या. आमच्या मुलांस सा, रे, ग, म हीं नांवें आयतींच ठाऊक असतात. त्यांस या खुणा दाखविल्या तर दोन दिवसांत त्या खेळ होऊन बसतात.

परंतु आमच्याकडील अडचण निराळी आहे. आमच्या भजनांत बुवा स्वतः गातो आणि टाळकरी त्याच्यामागून उचलतात. पुढारी गप्प बसला तर भजनच थांबावयाचें. गायनमंडळाचा मास्तर मात्र ऐन वेळीं गप्प असला पाहिजे. रेव्हरंड टिळकांचीं पदें अभंगाच्या चालीवर म्हणावयाचीं असलीं म्हणजे आमचे मास्तर सवयीनें स्वतः गाऊं लागतात, आणि त्यांच्या भरदार आवाजाखालीं तीस मुलें झांकून जातात. आम्हांस असें वाटतें कीं, तालमीच्या वेळीं मास्तरानें बुवा व्हावें व समारंभाच्या वेळीं मुका व्हावें. हें सांगणें सोपें आहे, हें आम्ही जाणतों.

दुसरा प्रश्न पट्टीचा. मास्तर पेटी उघडतो ती स्वतःच्या पट्टींत. त्याला जी सुखाची ती दहा वर्षांच्या मुलीला सुखाची नसते; खालीं तिचा आवाज विरतो, वर गेलें कीं ती किंचाळते. शिवाय पेटी मोठ्यानें वाजली तर मुलें तिच्याशीं स्पर्धा करितात. इचलकरंजीकडील यंत्रमागांच्या खडखडाटांत वाढलेलीं मुलें तर मोठ्यानें बोलण्यासच बोलणें समजतात! त्यांना हळू गावयास लावणें हें अर्धें शिक्षण होय. बारातेरा वर्षांच्या मुलग्यांचें दुःख आणखी वेगळें. कंठ फुटतो, आवाज एक सप्तक खालीं उतरूं लागतो, आणि मधल्या काळांत तो कोठें जाईल याचा भरंवसा राहात नाहीं. अशा वेळीं शहाणा मास्तर त्याला चार सुरांची ओळ देतो. उतावळा त्याला घरीं पाठवितो.

वसंत देसाई यांचें नांव येथें घेतलें पाहिजे. कुडाळाकडील हे गृहस्थ कोल्हापुरास प्रभात कंपनींत उमेदवारी करून पुढें मोठे संगीतकार झाले. ‘दो आंखें बारह हाथ’ (१९५७) आणि ‘गुड्डी’ (१९७१) या चित्रपटांतील त्यांच्या प्रार्थना आज कितीतरी शाळांतून म्हटल्या जातात. परंतु आम्हांस त्यांचा अधिक आदर वाटतो तो दुसऱ्या कामाबद्दल. ‘एक सूर एक ताल’ या नांवानें त्यांनीं शाळांतील हजारों मुलांस एकत्र गावयास लाविलें. हजारों मुलांत प्रत्येक गळा निवडून कसा घेणार? जो येईल त्याला घ्यावयाचें, आणि चालच अशी बांधावयाची कीं सर्वांस पेलावी.

निवडीचा हा प्रश्न आमच्या परिचयाच्या एका घरीं फार जवळून आला. त्या गृहस्थांस लहानपणीं एका शाळेंत, स्पर्धेच्या आदल्या दिवशीं, ‘तूं नुसते ओठ हालव’ असें सांगण्यांत आलें होतें. आज त्यांचे केंस पिकले. दर रविवारीं ते ‘उपासना-संगीत’ उघडून उभे राहतात, पान बरोबर काढतात, परंतु तोंड उघडीत नाहींत. त्यांची मुलगी यंदा सहावींत गायनमंडळांत गेली. तिचाहि सूर लागत नसे. सारें पद ती एकाच स्वरांत म्हणे.

मंडळाच्या बाईंनीं तिला काढिलें नाहीं. तिला दोन पक्क्या मुलींच्या मध्यें उभें केलें. आधीं तिचा जो स्वर होता तोच साऱ्या वर्गाला गावयास लाविला, म्हणजे आपला सूर इतरांशीं जुळला म्हणजे कानांस कसें लागतें, हें तिला एकदां कळावें. मग तेथून एकेक पायरी वर. पांच महिने हें चाललें. नाताळांत मंडळ घरोघर गात फिरलें, तेव्हां उसाच्या ट्रॅक्टरांवरील कर्ण्यांच्या गोंगाटांतहि तिचा आवाज आम्हांस ऐकूं आला. बहुतेक ठिकाणीं तो बरोबर होता.

पुढें स्पर्धेंत मंडळास क्रमांक मिळाला नाहीं. एका मुलीपायीं बक्षीस गेलें, असें कांहीं पालकांनीं बाईंना तोंडावर सांगितलें, आणि तें सर्वस्वी खोटें होतें असेंहि आम्हांस म्हणतां येत नाहीं. दुसऱ्या कडव्यांत ती घसरली होती. बाईंनीं ऐकून घेतलें. नव्या वर्षाच्या मंडळाचीं नांवें त्यांनीं आतांच वहींत लिहून ठेविलीं आहेत, आणि तिचें नांव त्यांत पहिलें आहे.