साडेतीन वॅटचा आवाज

उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना व्याकरणापेक्षा जास्त वेळ जातो तो कान तयार करण्यात. 'काल' आणि 'काळ' यांतला फरक वहीत दिसतो, पण ज्या घरात दिवसभर उर्दू किंवा दखनी बोलली जाते तिथे 'ळ' कानावर पडतच नाही. काही फरक तर वहीतही दिसत नाहीत. 'जरा' म्हणजे थोडं आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण. मराठीत दोन्ही एकसारखेच लिहितात, उच्चार मात्र वेगळे. गंमत म्हणजे पहिला 'जरा' आमच्या मुलांच्या घरचाच आहे, उर्दूतला 'ज़रा'. उर्दूच्या तासाला हीच अडचण उलट्या बाजूने येते. 'जलील' म्हणजे थोर आणि 'ज़लील' म्हणजे अपमानित. एका नुक्त्यात माणसाची इज्जत जाते!

असे उच्चार नुसते समजावून येत नाहीत, चांगल्या बोलणाऱ्यांचं पुन्हापुन्हा ऐकावं लागतं. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं की पहिल्या दोन-तीन बाकांपर्यंत शब्द पोहोचतात. त्याच्या मागे फक्त पंखा ऐकू येतो. आणि ज्यांना ऐकण्याची सगळ्यात जास्त गरज असते, ती मुलं बहुधा मागेच बसलेली असतात.

आमच्या भागातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका चाचांनी दुकान आवरताना मला एक खोकं दिलं. "ले जाव मास्टर, बच्चों के काम आयेगा." त्यात वायरींचे तुकडे, दोन स्पीकर आणि कुण्या हौशी माणसाने कधीतरी जोडलेला अ‍ॅम्प्लिफायरचा एक बोर्ड होता. बोर्डावर टीडीए २०३० ही चिप. इलेक्ट्रॉनिक्सचा नाद असलेल्यांना ती नवी नाही. पाच पाय, पाठीला धातूची पट्टी आणि आजूबाजूला मोजके रेझिस्टर-कपॅसिटर. कमाल ३६ व्होल्टपर्यंत चालते आणि जास्त तापली तर स्वतःच थांबते. शिकणाऱ्याला सांभाळून घेणारी चिप आहे.

पहिला प्रश्न विजेचा. जुन्या पद्धतीने १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर लावता आला असता. पण ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १२ व्होल्ट पूर्ण भाराचे असतात. डायोडमधून जाऊन कपॅसिटरवर साठल्यावर ते प्रत्येक बाजूला सुमारे १६ होतात. भार नसेल आणि घरातली वीज २३० ऐवजी २५० व्होल्ट आली, तर आकडा १८ च्या पुढे जाऊ शकतो. या चिपची मर्यादा दोन्ही बाजूंना १८-१८ व्होल्टच आहे. शिवाय त्या डब्यात २३० व्होल्टची वायर येणार, आणि वर्गातली मुलं हात न लावता राहतील याची हमी कोण देणार? म्हणून मी बंद पडलेल्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर घेतला. धोक्याची वीज त्याच्या बंद डबीतच राहते, बोर्डापर्यंत येतात ते फक्त १९ व्होल्ट. पिनेचा आतला भाग अधिक आहे की उणे, हे मल्टिमीटरने पाहून घेतलं आणि अधिकच्या वायरीत १ अँपिअरचा फ्यूज टाकला.

बोर्ड एकाच पुरवठ्यावर चालणाऱ्या रचनेचा होता, तेही सोयीचं पडलं. या चिपची धातूची पट्टी आतून उणे पायाला जोडलेली असते. दोन बाजूंचा पुरवठा असेल तर पट्टीवर उणे व्होल्टेज येतं आणि हीटसिंकच्या मध्ये अभ्रकाचा तुकडा घालावाच लागतो. एकेरी पुरवठ्यात पट्टी ग्राउंडवरच राहते, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर ती सरळ स्क्रूने कसता येते. मध्ये थोडी हीटसिंक पेस्ट लावली की झालं.

दुसरं काम जुने कपॅसिटर बदलण्याचं. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरच्या आतला ओलावा वर्षांनुवर्षांत सुकतो आणि साठवण्याची ताकद कमी होते. एकेरी पुरवठ्यात स्पीकरकडे जाणारा सगळा आवाज एका मोठ्या कपॅसिटरमधून जातो. तो २२०० मायक्रोफॅरडचा असेल, तर ८ ओहमच्या स्पीकरला सुमारे ९ हर्ट्झपर्यंतचे खालचे स्वर मिळतात. सुकून शंभरावर आला तर २०० हर्ट्झच्या खालचं सगळं गळू लागतं, आणि भारदस्त आवाजाचा माणूसही डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. तो बदलला. चिपच्या अगदी जवळ १००० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर आणि सोबत ०.१ मायक्रोफॅरडचा छोटा सिरॅमिक लावला. स्पीकरच्या बाजूला १ ओहमचा रेझिस्टर आणि एक छोटा कपॅसिटर अशी जोडी असते. ती बिनकामाची वाटते, पण काढायची नाही. ती नसेल तर चिप आपल्याला ऐकू न येणाऱ्या उंच स्वरात थरथरू शकते आणि उगाच तापते.

तिसरा बदल सगळ्यात लहान, पण माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. बोर्डावर २२ किलो-ओहम आणि ६८० ओहमचे दोन रेझिस्टर होते. येणारा आवाज किती पट वाढवायचा ते ही जोडी ठरवते. इथे सुमारे ३३ पट. मोबाइलमधून येणाऱ्या आवाजाला एवढी वाढ लागत नाही. ६८० च्या जागी १ किलो-ओहम टाकला, वाढ २३ पटींवर आली. यापेक्षा फार खाली उतरणं या चिपला मानवत नाही. मोबाइलच्या डाव्या-उजव्या दोन्ही वाटांवर एकेक १ किलो-ओहम घालून त्या एकत्र केल्या. बोलणं ऐकायला एक स्पीकर पुरे.

वाढ कमी का केली, हे मुलांनाही सांगितलं. अ‍ॅम्प्लिफायरला जेवढे व्होल्ट मिळतात, त्याच्या बाहेर तो जाऊ शकत नाही. जास्त ढकललं की लहरीचे माथे सपाट कापले जातात. आवाज मोठा झाल्यासारखा वाटतो, पण फाटतो, आणि फाटलेल्या आवाजात 'स', 'फ़', 'ज़' आधी बुडतात. हे वर्ण नाजूक असतात. 'स' ची बरीचशी ताकद ४००० हर्ट्झच्या वर असते. जुन्या टेलिफोनवर ३४०० हर्ट्झच्या वरचं काही जातच नसे, म्हणून फोनवर नाव सांगताना 'स' आणि 'फ' ची गल्लत व्हायची.

आता हिशेब करू. १९ व्होल्टवर ही चिप ८ ओहमच्या स्पीकरला जेमतेम साडेतीन वॅट देते. बाजारातल्या स्पीकरच्या खोक्यांवर पीएमपीओ म्हणून शेकड्यांनी वॅट छापलेले असतात, त्यापुढे हा आकडा हसण्यासारखा वाटेल. पण घरगुती स्पीकर १ वॅटवर १ मीटर अंतरावर साधारण ८५ ते ९० डेसिबल आवाज देतो, आणि आपण समोरासमोर बोलतो ते ६० च्या आसपास. म्हणजे वर्गासाठी साडेतीन वॅट भरपूर झाले. पस्तीस वॅट केले तर वीज दहापट लागेल, कानाला आवाज जेमतेम दुप्पट वाटेल, आणि शब्द एकही जास्त कळणार नाही.

हा हिशेब मला वर्गाबाहेरही आठवतो. २०२२ मध्ये महाराष्ट्रात मशिदींवरच्या भोंग्यांवरून केवढं रान उठलं! दोन्हीकडून मोठ्या आवाजात बोललं गेलं. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सगळ्यांना सारखेच आहेत: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक नाही. मिरवणुकीतल्या डीजेला ते लागू आहेत, तसेच आमच्या जलशांनाही. लग्नाच्या हॉलमध्ये, वाज़च्या मैफलीत, गॅदरिंगमध्ये भोंगा शेवटच्या टोकापर्यंत पिळलेला असतो आणि वक्ता काय म्हणतो ते पहिल्या रांगेलाही कळत नाही. सूरह लुक़मानमध्ये बापाने मुलाला केलेल्या नसीहतींत आवाज खाली ठेवण्याचीही एक आहे. आम्ही ती मुलांना पाठ करायला लावतो आणि नंतर त्यांच्याच कार्यक्रमात त्यांचे कान बधिर करतो.

आपलं म्हणणं पोहोचत नाही असं वाटलं की माणूस आवाज चढवतो. मुसलमान म्हणून हे मला आतून माहीत आहे. पण समोरच्याला ऐकू येतं आहे आणि कळत मात्र नाही, असं असेल तर आणखी वॅट लावून काय होणार? तिथे शब्द नीट उच्चारावा लागतो, समोरच्याच्या भाषेत, न फाटता. आमच्या मुलांनी 'ळ' नीट म्हणावा हा माझा हट्ट त्यासाठीच आहे. उद्या बँकेत, कचेरीत, मुलाखतीत त्यांचं बोलणं पहिल्याच वाक्यात हसण्यावारी जाऊ नये.

डबा आता वर्गाच्या कपाटात असतो. त्याची बटणाची खिट्टी सहावीच्या एका मुलीकडे आहे. ती आवाज अर्ध्यावर ठेवते, आणि कुणी "बढा ना" म्हटलं तर आधी पंखा बंद करायला सांगते.