गिअरचं तेल मोजताना

एका गॅरेजात गिअरचं तेल बदलून घेतलं आणि म्हसळ्यावरून बोर्ली पंचतनला निघाले. चढाला लागल्यावर इंजिनाचा आवाज वाढायचा, पण गाडी ओढायची नाही. गिअरही उशिरा पडत होते. घरी पोचल्यावर गाडीखाली लाल थेंब दिसले. ऑटोमॅटिक गाडीत गिअर आपोआप पडतात, यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. तेल गळतंय म्हणजे कमीच झालं असणार, असं वाटलं.

शेजारचे काका पूर्वी ट्रक चालवायचे. "बाय, आधी मोज, मग ओत," ते म्हणाले. बॉनेट उघडलं. इंजिन ऑइलपासून ओळखू यावं म्हणून या तेलात लाल रंग घालतात, तेव्हा लाल तेलाची डिपस्टिक ती गिअरची. तिच्यावर दोन खुणा होत्या: थंड आणि गरम. गाडी थंड होती, तरी तेल गरमच्या खुणेच्याही वर!

मग गाडीसोबतची पुस्तिका काढली. इंजिन ऑइल मोजतात इंजिन बंद करून, इथे उलट. गाडी चालवून तापवायची, सपाट जागी लावायची, हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर सगळ्या गिअरांतून फिरवायचा, पुन्हा 'पी'वर आणायचा आणि इंजिन चालू ठेवूनच मोजायचं. (सगळ्याच गाड्यांचं असं नाही. होंडाच्या कितीतरी ऑटोमॅटिकमध्ये इंजिन बंद केल्याबरोबर मोजतात, आणि बऱ्याच नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते.) तापल्यावर तेल फुगून आणखी वर आलं होतं, आणि डिपस्टिकला फेस होता.

सगळं कोडं त्या फेसात होतं. तेल जास्त झालं की फिरणारे भाग त्यात बुडतात आणि रवीनं ताक घुसळावं तसं ते घुसळतात. तेलात हवा शिरते. आतले क्लच तेलाच्या दाबानं आवळले जातात. हवेमुळे दाब कमी होतो, क्लच घसरतात, तापतात. फुगलेलं तेल हवा जायच्या भोकातून बाहेर येतं. म्हणजे गळत होतं ते जास्त झालेलं तेल!

खालचा नट उघडला असता तर भसकन बरंच तेल गेलं असतं. म्हणून गाडी निवू दिली, मोठ्या सिरिंजला सलाइनची नळी जोडली आणि डिपस्टिकच्या भोकातून थोडं थोडं तेल ओढलं. दर वेळी पुन्हा तापवून मोजलं. काढलेलं तेल काकांनी वाडीत ओतू दिलं नाही, विहिरीत उतरेल म्हणाले. ते कॅनमध्ये भरून गॅरेजला दिलं.

दिवेआगरपर्यंत जाऊन आले. गिअर वेळेवर पडले. तेल लालच होतं, जळका वास नव्हता. तो आला असता तर क्लच उघडून बघावे लागले असते.