घोर

घोरणारा माणूस आपण घोरतो हे कधी कबूल करीत नाही. तो तरी कसे करणार? ज्या गुन्ह्याच्या वेळी आरोपी स्वतः हजर नसतो, त्याची कबुली त्याच्याकडे मागणे हा शुद्ध अन्याय आहे. तीस वर्षे मी याच मुद्द्यावर माझा बचाव करीत आलो. घरात मला कुंभकर्ण म्हणत. मला मात्र त्या कुंभकर्णाचा हेवा वाटे, कारण त्याची झोप पुरी तरी होत असे.

माझी होत नसे. सकाळी डोके जड. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागे, तो मी वयाचा दोष समजे. पाहुण्यांशी बोलता बोलता मान खाली जाई आणि पाहुणे त्याला विनय समजत! एकदा लाल दिव्यापाशी मोटार उभी करून मी डुलकी घेतली. मागच्या ट्रकवाल्याने मला ज्या शब्दांनी जागे केले, ते दिवाळी अंकात छापता येणार नाहीत.

गेल्या नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे कालवीत बसलेल्या सौ.च्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे दिसली. मी म्हटले, "माझ्या घोरण्यानं झोप लागत नाही ना तुला?"

"घोरण्याची सवय झालीय हो. तुम्ही घोरायचे थांबता, तेव्हा मी जागी होते."

"म्हणजे?"

"मधेच श्वास बंद होतो तुमचा. मी आकडे मोजते. वीस झाले की हलवते. मग बुडता माणूस वर यावा तसा श्वास घेता."

"रोज?"

"चार-पाच वर्षं झाली असतील."

घोरत होतो मी आणि घोर लागला होता तिच्या जिवाला!

भाऊबीज उरकताच डॉक्टर गाठले. त्यांनी अंगाला तारा चिकटवून मला एक रात्र झोपवले. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरते आणि वाट बुजते. छाती हलत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरला की मेंदू घाबरून माणसाला किंचित जागे करतो. पुन्हा डोळा लागतो, पुन्हा तेच. श्वास निदान दहा सेकंद अडला तर तो खंड मोजतात. तासाला तीसच्या वर खंड गेले की आजार गंभीर. माझे भरले ४२. गणितात मला एवढे गुण कधी पडले नव्हते.

डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मधल्या, बसल्या जागी झोपणाऱ्या लठ्ठ जोला मी कॉलेजात पोटभर हसलो होतो. १९५६ साली अमेरिकन डॉक्टरांनी अशाच एका विकाराचे पिकविकच्या नावाने बारसे केले, हे तेव्हा ठाऊक असते तर जरा बेतानेच हसलो असतो.

आता रात्री नाकावर मुखवटा चढवतो. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली हा उपाय जगापुढे मांडला. यंत्र नळीतून हवेचा दाब देते आणि घसा मिटू देत नाही. पहिल्याच रात्री ती सोंड पाहून नातवाने मला हात जोडले.

दुसऱ्या पहाटे पाचलाच टवटवीत जाग आली. पाहतो तो सौ. अंथरुणावर बसलेली.

"आवाजच येईना," ती म्हणाली, "दोनदा छातीवर हात ठेवून पाहिला."

मग ती आडवी झाली. दूधवाल्याने घंटा वाजवली तरी उठली नाही. मी दूध तापवले, चहा केला आणि हाक मारायला गेलो, तर बाईसाहेब बारीक सुरात घोरत होत्या. कप हातात धरून मी दाराशी उभा राहिलो. तो सूर कुठे तुटतो का, ते ऐकत.