भिंतीपलीकडचा निरोप

आम्ही बी. कॉम. झालेलो. जमाखर्चाच्या पलीकडे आमची विद्या जात नाही. जीवशास्त्राशी शेवटची भेट दहावीत झाली ती झाली. पण परवा रविवारी विहारातून घरी आलो तर आमची कन्या वही उघडून बसलेली. ती बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, "पप्पा, आजारी पेशी शेजारणीला सावध करते, ठाऊक आहे?" आम्हाला क्षणभर वाटले, पोरगी टोमणा मारते की काय! का वाटले ते पुढे सांगतो.

तिने समजावले ते असे. विषाणू पेशीत घुसतो आणि तिच्याच यंत्रावर आपल्या नकला काढून घेतो. पण पेशीत पहारेकरी असतात. परका माल ओळखला की पेशी इंटरफेरॉन नावाचे प्रथिन बनवून बाहेर सोडते. पुष्कळदा ती स्वतः वाचत नाही. मात्र ते प्रथिन शेजारच्या पेशीच्या दाराशी पोचते आणि तिच्या आत शेकडो जनुके कामाला लागतात. विषाणूच्या मजकुराचे तुकडे करणारी कात्री तयार होते. प्रथिने बनवण्याचा कारखाना आवरता घेण्याचीही तयारी होते, म्हणजे विषाणूला फुकटचा कामगार मिळू नये. तापात आपले अंग मोडून येते त्यातही या इंटरफेरॉनचा हात असतो म्हणे.

हे १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन या दोघांनी शोधले. कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याचे तुकडे त्यांनी उष्णतेने निष्प्रभ केलेल्या फ्लूच्या विषाणूबरोबर ठेवले. नंतर त्यातले पाणी ताज्या तुकड्यांना दिले, तर त्या तुकड्यांवर जिवंत विषाणूचे फारसे चालेना. निरोप पाण्यातून गेला होता!

याशिवाय आणखी वाटा आहेत. काही पेशींच्या भिंती एकमेकींना लागून असतात आणि त्यांत बारीक भोके असतात. विषाणूचा डीएनए सापडला की एक लहानसा रेणू त्या भोकातून सरळ पलीकडे जातो, हे २०१३ साली कळले. त्याच साली यकृताबद्दलही एक गोष्ट उजेडात आली. तिथल्या इतर पेशी इंटरफेरॉन मिळाल्यावर बचावाचे सामान सूक्ष्म पिशव्यांत भरतात आणि काविळीच्या 'बी' विषाणूने घेरलेल्या यकृतपेशींना पोचवतात. म्हणजे नुसती हाक नव्हे, शिधासुद्धा.

लेक बोलत होती आणि आम्हाला जुलै २०२० दिसत होता.

आम्ही ताडीवाला रोडला राहतो. दहा बाय बाराची खोली, पलीकडे मावशींची खोली, मध्ये एका विटेची भिंत. तेव्हा गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकलेले. आमच्या दादांना ताप आला, मग वहिनींना. आणि आम्ही चार दिवस कुणाला सांगितले नाही. वहिनींची धुण्याभांड्याची कामे सुटतील, सगळ्यांना उचलून नेतील, गल्ली तोंड फिरवील, ही भीती. जो माणूस वस्तीत हात धुण्याची पत्रके वाटत फिरत होता, त्याच्याच घरात ही लपवाछपवी! पाचव्या दिवशी दादांना धाप लागली तेव्हा रिक्षा शोधायला आम्ही धावलो. दादा परत आले नाहीत. वहिनी मात्र तीन दिवसांत उठून बसल्या होत्या. मावशीही पुढे तापाने पडल्या, महिनाभर अंथरुणात होत्या.

त्याच दिवसांत पुण्यात जास्त रुग्ण असलेल्या पाच प्रभागांत रक्ताची पाहणी झाली. ५१.५ टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली, लोहियानगर-कासेवाडीत ६५.४ टक्के. आम्ही लपवत होतो तो आजार घरोघरी येऊन गेला होता.

दादाच का गेले, हे आम्ही लेकीला विचारले. ती म्हणाली, कोरोनाचा विषाणू इंटरफेरॉनचा निरोप दाबून ठेवतो. शिवाय २०२० साली जीवघेण्या आजाराच्या ९८७ रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा १०१ जणांत स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे निघाली. त्यांत ९५ पुरुष. दादांचे रक्त तसे कुणी तपासले नव्हते, तेव्हा आम्ही त्यावर काही बोलत नाही.

ऑफिसला जाताना डॉ. आंबेडकर रोडवर राष्ट्रीय विषाणू संस्था लागते. १९५२ सालची संस्था. कोरोनाचा विषाणू भारतात प्रथम वेगळा केला तो तिनेच, मार्च २०२० मध्ये. इतकी वर्षे त्या फाटकावरून गेलो, सोमवारी प्रथमच गाडी थांबवून पाटी वाचली.

त्याच संध्याकाळी मावशींकडे गेलो. त्या लसूण सोलत होत्या. चार दिवसांची गोष्ट एका दमात सांगून टाकली. त्यांनी मान वर केली नाही.

"आता सांगतोस व्हय? एका विटेची भिंत ती. तुझ्या दादाचा खोकला पहिल्या रात्रीच ऐकला मी. सकाळी नातवंडं येरवड्याला लेकीकडं धाडली, ती काय उगंच?"

"मग तुम्ही का नाही गेलात, मावशी?"

"तुझ्या वहिनीचं पाणी कोण भरणार होतं?"

तेव्हा आठवले, त्या दिवसांत आमच्या दारात हंडा भरून ठेवलेला असे. आम्हाला वाटायचे, वहिनीच भरतात.