हजेरी

मुलांनो, हा धडा तुम्ही बहुधा वर्गात बसून वाचत असाल. कदाचित गुरुजी एकेकाला उभे करून एकेक परिच्छेद मोठ्याने वाचावयास सांगत असतील, आणि आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार, हे तुमच्यापैकी कोणी मनाशी मोजूनही ठेवले असेल. मीही छत्तीस वर्षे मुलांना असेच वाचावयास लावले. त्यांतली शेवटची अकरा वर्षे मी मुख्याध्यापक होतो. शाळा हे माझे दुसरे घरच होते. पण एक दिवस घराचीच शाळा करावी लागेल, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

२०२३ साली दिवाळीची सुटी संपली आणि आमचा नातू शाळेत जाईना. तो तेव्हा सहावीत होता. पहिल्या दिवशी पोट दुखले, दुसऱ्या दिवशी डोके. तिसऱ्या दिवशी त्याने कारणच सांगितले नाही. दप्तर पाठीला लावून तो उंबरठ्यापर्यंत आला आणि तेथेच बसला. मी रागावलो, त्याच्या वडिलांनी समजावले, आईने जवळ घेतले. शेवटी रात्री अंथरुणात त्याने आपल्या आजीला सांगितले, ते हे : "मला 'हजर' म्हणता येत नाही."

तो लहानपणापासून बोलताना अडखळतो. शब्द मनात तयार असतो. पण ओठांशी येऊन थांबतो. वर्गात मुले पन्नासावर. हजेरीच्या वेळी याच्या नावापाशी गाडी अडे, मग कोणी तरी हसे, आणि घाईत असलेले गुरुजी पुढचे नाव घेत. त्यांना मी दोष देत नाही. वाचनाच्या तासाला तर हा आधीपासून आपला परिच्छेद मोजत बसे, त्यातले अवघड शब्द शोधून ठेवी, आणि इतरांनी काय वाचले ते त्याच्या कानांपर्यंत पोहोचतच नसे. "आजोबा, अर्धा तास पाळीची वाट पाहण्यात जातो आणि उरलेला अर्धा ती गेली म्हणून सुटल्यासारखे वाटण्यात," असे तो मला पुढे एकदा म्हणाला.

त्या रात्री मला झोप आली नाही. सुमारे तीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गात असाच एक मुलगा होता. "ऐकू येईल असे बोल," म्हणून मी त्याला तीन वेळा उभे केले होते. वर्ग हसला होता. आणि खरे सांगायचे तर, मीही थोडा हसलो होतो. पुढे त्याचे काय झाले, हे मला ठाऊक नाही.

मुलाला काही दिवस घरीच शिकवावे, असे सूनबाईंनी सुचविले, तेव्हा सर्वांत मोठा विरोध माझाच होता. २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला त्याने शाळेचा हक्क दिला. तो कायदा पालकांना समजावून सांगण्यासाठी मी घरोघर फिरलो होतो. आता माझ्याच नातवाने घरी बसावे? तेव्हा आमच्या घरातून उत्तर आले, "अहो, पंडिता रमाबाई कोणत्या शाळेत गेल्या होत्या? त्यांना संस्कृत त्यांच्या आईनेच शिकविले ना?" चाळीस वर्षांच्या संसारात मी अशा प्रश्नांना उत्तर दिलेले नाही, याही वेळी दिले नाही.

शाळा घरी भरविण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. मी पुठ्ठ्यावर वेळापत्रक आखले, माजघरात फळा टांगला, नवे हजेरीपुस्तक आणले. घंटा हवी म्हणून देवघरातली पितळी घंटा उचलली. साडेदहाला घंटा, साडेबाराला मधली सुटी, पुन्हा घंटा. विद्यार्थी एक आणि शिक्षक एक. पण शिस्तीत मी काडीचाही फरक केला नाही. पंधरा दिवसांत विद्यार्थी फळ्याकडे पाहीनासा झाला आणि शिक्षकाचा आवाज शेजारी ऐकू जाऊ लागला. सोळाव्या दिवशी आजीने घंटा परत नेली. "देवाला नैवेद्याच्या वेळी टाळी वाजवावी लागते," एवढेच ती म्हणाली.

मग काही आठवडे घराची घडीच विसकटली. नातू उशिरा उठे. साताऱ्याला बँकेत जाणारा त्याचा बाप सकाळची एसटी गाठण्यापूर्वी त्याला दोन गणिते घालून जाई; ती संध्याकाळपर्यंत तशीच राहत. टपाल कचेरीतून परतलेल्या सूनबाई स्वयंपाक करता करता भूगोल विचारीत, आणि भाजी करपे. "शाळेला सुटी आहे का रे?" असे वाण्याने विचारले, म्हणून त्याने दुकानात जाणे सोडले. हे सारे चुकले, त्याला परत पाठवावे, असे मला रोज वाटे.

वाट सापडली ती तिन्हीसांजेला. आमच्याकडे दिवा लागला, की परवचा म्हणण्याची जुनी चाल आहे. आजी पाढे म्हणू लागली, की हाही तिच्याबरोबर म्हणे. आणि बरोबर म्हणताना एकदाही अडखळत नसे! पुण्याच्या वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंना मी हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या की यात नवल नाही. अडखळणाऱ्या बहुतेकांचे इतरांबरोबर म्हणताना किंवा गाताना असेच होते. त्यांनी आम्हां मोठ्यांनाच अभ्यास दिला. त्याचा शब्द आपण पुरा करायचा नाही, "सावकाश बोल" असेही म्हणायचे नाही, नुसते थांबायचे. मुलांनो, थांबणे सोपे वाटते. पण छत्तीस वर्षे दुसऱ्याची वाक्ये पुरी करण्यात ज्याने घालविली, त्याला विचारा!

आम्ही दोघे मिळून एका सुरात वाचू लागलो. काही दिवसांनी मी मधेच आवाज उतरवीत असे आणि तो एकटाच पुढे जाई. कधी अडे, मग मी थांबे. या वाचनात मला एक गंमत कळली. जो शब्द उच्चारता येणार नाही असे वाटे, तो टाळण्यासाठी याने लहानपणापासून दुसरे शब्द साठविले होते. 'पाणी' अडले तर 'जल' म्हणावे, 'मुलगा' अडला तर 'पोर' म्हणावे. एवढा शब्दसंग्रह माझ्या कोणत्याही वर्गात कोणाजवळ नव्हता.

आम्ही वाईला राहतो. जून आला तसा तो रोज सकाळी सात वाजता ढोल्या गणपतीच्या घाटावर जाऊन कृष्णेच्या किती पायऱ्या कोरड्या आहेत, हे मोजू लागला. धोम धरणातून पाणी सोडले, की पायऱ्या भराभर बुडत. सप्टेंबरअखेर त्याची वही भरली आणि तिच्यातून त्याने आलेख काढला. आलेख मी वर्गात कितीदा तरी शिकविले होते. पण त्यासाठी छत्री घेऊन कोणी घाटावर उभा राहिल्याचे मला आठवत नाही. एकदा आम्ही कोसभरावरच्या मेणवलीस गेलो. तेथील देवळात एक मोठी घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियमची आकृती आणि १७०७ हे साल आहे. चिमाजी आप्पांनी वसई घेतली, ती १७३९ साली. त्या मोहिमेनंतर ही घंटा इकडे आली, असे सांगतात. "म्हणजे त्या वेळी घंटा बत्तीस वर्षांची होती," असे तो म्हणाला. 'बत्तीस'पाशी तो बराच वेळ थांबला. मी घंटेकडे पाहत राहिलो.

घर म्हणजे सगळेच सुख, असे मात्र समजू नका. दुपारी बाराला गल्लीत चिटपाखरू नसते. शाळा सुटल्याचा गलका ऐकला, की तो खिडकीशी जाई. त्याचे मित्र पहिले दोन महिने आले, मग येईनासे झाले. त्यांचाही इलाज नव्हता, त्यांचे विषय वेगळे झाले होते. ही उणीव मला भरून काढता आली नाही. साठी उलटलेला आजोबा कितीही झाले तरी यष्टिरक्षणाला कामाचा नाही. एका रविवारी तो आपण होऊन मैदानावर गेला आणि खरचटलेला गुडघा घेऊन आला, तेव्हा आजीने हळद लावली आणि रात्री शिरा केला.

घरी शिकणाऱ्यांनाही परीक्षेस बसता येते. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ पाचवीची, आठवीची आणि त्यापुढच्याही परीक्षा घेते. तेरावे वर्ष पूर्ण झाल्यावर नातवाने आठवीचा अर्ज भरला. परीक्षेच्या दारात प्रवेशपत्र पाहताना नाव विचारतात, हे मला ठाऊक होते. "मी केंद्रप्रमुखांना आधी एक शब्द सांगून ठेवू का?" असे मी आदल्या रात्री विचारले. त्याने बराच वेळ काही म्हटले नाही. मीही थांबलो. मग तो म्हणाला, "नको, आजोबा. मला वेळ लागेल. त्यांना थांबावे लागेल."

सकाळी मी फाटकाबाहेर उभा राहिलो. तो रांगेतून पुढे सरकला. दाराशी एक बाई कागद पाहत होत्या. त्यांनी मान वर करून काही विचारले. हा त्यांच्यासमोर उभा होता. मागची मुले चुळबुळू लागली. त्या बाईंनी हातातले पेन खाली ठेवले. मी होतो तेथून मला काही ऐकू येण्यासारखे नव्हते. थोड्या वेळाने तो आत गेला.

दुपारी बाहेर आल्यावर मी त्याला गणिताचा तिसरा प्रश्न कसा गेला, हे विचारले. दाराशी काय झाले, ते मी विचारले नाही. त्यानेही सांगितले नाही. त्याला फार भूक लागली होती.