टीबीचे औषध मोफत आहे, पण बुडालेल्या पगाराचे काय?

टीबी झाला आहे असे सांगितले की पेशंट आधी "मी बरा होईन ना?" असे विचारत असतील, असे तुम्हाला वाटेल. माझ्याकडे येणारे बरेच नोकरदार पेशंट मात्र आधी विचारतात, "डॉक्टर, हे कामावर सांगावं लागेल का?" त्यांना खोकल्यापेक्षा नोकरीची काळजी जास्त असते, आणि ती खोटी नसते. म्हणून आज औषधांपेक्षा या काळजीबद्दल लिहितो.

मेडिक्लेम इथे कमी का पडतो?

कंपनीचे मेडिक्लेम कार्ड आहे म्हणजे टीबीचा खर्च निघेल, असे अनेकांना वाटते. पण बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी दवाखान्यात किमान २४ तास भरती झाल्यावरच पैसे देतात. टीबीच्या बहुतेक पेशंटना भरती व्हावेच लागत नाही. साध्या टीबीचे उपचार घरी राहून, रोज गोळ्या घेऊन, साधारण सहा महिने चालतात. तपासणी आणि गोळ्या सरकारी टीबी कार्यक्रमात मोफत मिळतात. खरा खर्च असतो बुडालेल्या पगाराचा, खाण्यापिण्याचा आणि जाण्यायेण्याचा. मेडिक्लेम नेमके हेच देत नाही.

पगाराच्या स्लिपवर "ईएसआय" लिहिले आहे का?

उत्तनजवळच्या चौक गावातला एक तरुण माझ्याकडे आला होता. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचे काम करायचा. तीन आठवडे खोकला आणि संध्याकाळी बारीक ताप. बेडक्याच्या तपासणीत टीबी निघाला. तो म्हणाला, "घरी बसलो तर खाणार काय?" मी पगाराची स्लिप मागवली. दर महिन्याला ईएसआयचे पैसे कापले जात होते आणि त्याला ते कशाचे हे माहीतच नव्हते.

ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा. १० किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या कारखान्यांना तो साधारणपणे लागू होतो, आणि महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार त्यात येतात. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. पुरेसे दिवस हप्ता भरलेला असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या सुमारे ७० टक्के भत्ता मिळतो. टीबी हा ईएसआयच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे. नोकरीला दोन वर्षे झाली असतील आणि बाकीच्या अटी पुऱ्या होत असतील, तर पुढे ८० टक्के दराने वाढीव भत्ता मिळू शकतो, दोन वर्षांपर्यंतसुद्धा. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत याचा मोठा आधार होतो. हा भत्ता चालू असताना कामगाराला आजारपणामुळे कामावरून काढू नये, अशी तरतूद १९४८ च्या ईएसआय कायद्यातच होती. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरांचे सर्टिफिकेट लागते. खासगी डॉक्टरांची चिठ्ठी पुरत नाही, हे लक्षात ठेवा.

किती दिवस सुट्टी लागते?

मालक मंडळी, हे तुमच्यासाठी. साध्या टीबीत योग्य औषधे सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत बहुतेक पेशंटपासून संसर्गाचा धोका खूपच कमी होतो. अंगात ताकद आली आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की माणूस कामावर येऊ शकतो. सहा महिने घरी बसवायची गरज नसते. टीबी हवेतून पसरतो. डबा, पेला किंवा हजेरीच्या वहीला हात लावल्याने तो होत नाही. नोकरी जाईल म्हणून खोकला लपवणारा कामगार मात्र बंद खोलीत महिनोन्महिने इतरांना धोका देत राहतो. भरपगारी दोन-तीन आठवडे यापेक्षा स्वस्त पडतात.

कंपनीच्या तपासणीत काय असावे?

वार्षिक तपासणीत साखर आणि कोलेस्टेरॉल बघतात, छातीचा एक्स-रे मात्र अनेकदा नसतो. २०१९ ते २०२१ या काळात देशभर टीबीचे सर्वेक्षण झाले. एक्स-रे काढला नसता तर त्यात सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के निसटले असते, कारण त्यांना ठळक लक्षणे नव्हती. म्हणून दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे याबद्दल विचारणा, सोबत एक्स-रे, आणि संशय आल्यास बेडक्याची ट्रूनॅट किंवा सीबीनॅट तपासणी, एवढे पुरे. रिपोर्ट पेशंटच्या हातात द्यावा, ऑफिसात फिरवू नये.

घरच्यांचे काय?

एकाला फुप्फुसाचा टीबी निघाला की घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची. ज्यांना आजार नाही त्यांना प्रतिबंधक औषध मिळते: आठवड्यातून एकदा असे १२ डोस, किंवा सहा महिने रोज एक गोळी. कोणते, ते डॉक्टर ठरवतील. हेही सरकारी केंद्रात मोफत आहे. त्या तरुणाच्या बायकोला आणि मुलाला आजार नव्हता, म्हणून दोघांनाही हे औषध सुरू केले.

ज्यांना स्लिपच नाही त्यांचे काय?

चौक, पाली, उत्तनच्या बोटींवर काम करणाऱ्या खलाशांना ना स्लिप, ना ईएसआय. मोठ्या बोटींवर तर बरीच माणसे काही दिवस एकाच लहानशा केबिनमध्ये झोपतात. त्यांनाही औषधे मोफत मिळतात, आणि निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिना १,००० रुपये बँक खात्यात येतात (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते). त्यासाठी नाव निक्षयवर नोंदलेले आणि खाते जोडलेले असावे लागते. खासगी डॉक्टरकडे उपचार घेत असाल तरी नोंदणी होते, ती करून घ्या.

नाखवांना माझी एक विनंती आहे. खलाशी टीबीने बसला तर त्याची जागा राखून ठेवा. जमल्यास "निक्षय मित्र" व्हा, म्हणजे त्याच्या संमतीने सहा महिने त्याच्या घरी डाळ, कडधान्य, तेल असा पोषणाचा शिधा पोहोचवता येतो. तो पुन्हा समुद्रावर येईल तेव्हा गोळ्यांची पाकिटे त्याच्यासोबत आहेत ना, एवढे बघा. किनाऱ्यावर राहिलेली गोळी म्हणजे चुकलेला डोस.

तुम्ही नोकरदार असाल तर आज एक काम करा. पगाराची स्लिप काढा आणि ईएसआयचा रकाना शोधा. कार्डावरचे नाव आणि घरच्यांची नोंद बरोबर आहे का बघा. हे आजारी पडायच्या आधीच करायचे असते. आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल तर स्लिप नंतर बघा, आधी बेडका तपासून घ्या.